डाव्या डोळ्याची वर्षं

माझे भावोजी, दौलत शिगवण, यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते ताईला बघायला आले तेव्हा. पोह्यांची बशी हातात घेऊन ते अर्धा तास बसले आणि एवढंच बोलले, की वागळे इस्टेटला एका कंपनीत ग्राइंडिंगवर आहे, पहिली पाळी सातची असते. आमच्या आईला मुलगा घुमा वाटला. ताईला, म्हणजे हेमालीला, मात्र तो पसंत पडला. पुढे मी तिला कारण विचारलं तर म्हणाली, "बशी खाली ठेवताना त्यांनी आवाज केला नाही."

२०११ साली मला ठाण्यात डी.एड.ला प्रवेश मिळाला आणि मी ताईकडे राहायला आले. कळव्याला खारीगावात एका चाळीत त्यांच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत दिवाण, शिलाई मशीन आणि माझी पुस्तकांची पेटी. आत ओटा, मोरी आणि भिंतीला टेकवलेली गादी. भावोजींचे कंपनीचे कपडे वेगळ्या बादलीत भिजायचे, कारण त्यांना मशीनच्या तेलाचा वास यायचा. आज डोंबिवलीत माझं स्वतःचं घर आहे, कपडे धुवायला यंत्र आहे, पण एखाद्या रिक्षाच्या गॅरेजवरून जाताना तो वास आला की मी पावलं हळू टाकते.

भावोजींचं काम बारीक मापाचं. लोखंडी दांडे घासून घासून अगदी नेमक्या जाडीचे करायचे. एकदा भाजीत केस सापडला म्हणून मी कुरकुर करत होते, तेव्हा ते म्हणाले की केस सत्तर मायक्रॉनचा असतो, आमचं काम पाच मायक्रॉनमध्ये चालतं. त्यात फुशारकी नव्हती. केस उचलून त्यांनी ताटाबाहेर ठेवला आणि जेवायला लागले.

२०१२ च्या ऑगस्टमध्ये ताईला मुलगी झाली. बारशाला सगुणाबाई, म्हणजे भावोजींच्या आई, गुहागरहून आल्या आणि नातीसाठी इथेच राहिल्या. नाव दक्षता ठेवलं. बारशाच्या फोटोत पोरीचा चेहरा अगदी स्वच्छ आहे. मी तो नंतर कितीतरी वेळा निरखून पाहिलाय. त्यानंतर चारपाच दिवसांनी ताईने अंघोळ घालताना पाहिलं, डाव्या डोळ्याच्या पापणीवर मसुरीच्या डाळीएवढा लाल ठिपका होता. आम्हाला वाटलं डास चावला.

ठिपका गेला नाही. महिन्याभरात तो उंचावला, दोन महिन्यांत पिकलेल्या करवंदाएवढा झाला आणि रंगही तसाच, लालसर जांभळा. पोर रडली की तो आणखी फुगायचा, म्हणून ताई तिला रडूच द्यायची नाही. चाळीतल्या बायका येऊन बघून जायच्या. कुणी म्हणायचं जन्मखूण आहे, नशीबवान निघेल. कुणी हळूच ताईला विचारायचं, ग्रहणात काही चिरलं होतंस का. ताई त्यांच्यासमोर हसायची आणि नंतर मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहायची.

नाक्यावरच्या डॉक्टरांना दाखवलं होतं. जाणते, शांत गृहस्थ. त्यांनी सांगितलं, ही रक्तवाहिन्यांची गाठ आहे, कॅन्सर वगैरे काही नाही, पुष्कळ बाळांना होते आणि पाचसहा वर्षांत आपोआप जिरून जाते. दाबू नका, काही लावू नका. फार वाढली तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. ते ऐकून घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. सगुणाबाईंनी त्या दिवशी घावणे केले.

भावोजींनीही घावणे खाल्ले. पण दर रविवारी सकाळी पोर दुपट्यावर पडलेली असताना ते तिच्या शेजारी पालथे पडायचे आणि कितीतरी वेळ तिच्या डोळ्यांकडे बघायचे. एका वहीत त्यांनी पेन्सिलीने डोळ्याची चित्रं काढली होती, प्रत्येक रविवारची वेगळी. पापणीची कड बुबुळाच्या किती खाली आली, ते त्या चित्रांत दिसायचं. सप्टेंबरच्या चित्रात बुबुळ पूर्ण होतं, दसऱ्याच्या वेळच्या चित्रात पाऊण.

दिवाळीत कंपनीला चार दिवस सुटी होती. पाडव्याच्या सकाळी ताई आणि सगुणाबाई शेजारी फराळाचं ताट द्यायला गेल्या होत्या. भावोजींनी मला हाक मारली. ते म्हणाले, योगिनी, जरा बघ. त्यांनी दक्षतासमोर लाल चेंडू धरला. ती चेंडूकडे बघून हातपाय हलवायला लागली. मग त्यांनी तळहाताने तिचा डावा डोळा, गाठीचा डोळा, झाकला. तिला काहीच फरक पडला नाही, ती चेंडूकडेच बघत राहिली. मग त्यांनी उजवा डोळा झाकला. तिने मान इकडून तिकडे केली, हाताने त्यांचा हात ढकलला आणि भोकाड पसरलं. त्यांनी हात काढला, ती गप्प झाली. त्यांनी तिला थोडं खेळवलं आणि पुन्हा तेच केलं. पुन्हा तेच झालं.

"तीन दिवस करून बघतोय," ते म्हणाले. "डाव्याने ती बघतच नाहीये."

मी म्हटलं, पण डॉक्टर म्हणाले गाठ जाईल.

"गाठ जाईल. मी डोळ्याचं बोलतोय."

भाऊबीज झाल्यावर आम्ही तिला ठाण्यातल्या डोळ्यांच्या इस्पितळात नेलं. तिथे लहान मुलांच्या डॉक्टर होत्या, शीला मोडक. पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, कानात काही नाही, हातात काही नाही. त्यांनी पोरीला तपासायच्या आधी भावोजींची वही बघितली. एकेक पान उलटून सगळी बघितली. मग त्यांनीही एकेक डोळा झाकून तेच केलं, जे भावोजींनी घरी केलं होतं. ताई पहिल्यांदाच ते बघत होती. उजवा डोळा झाकल्यावर पोर जशी कासावीस झाली, ते बघून ताईने माझा दंड धरला. तिची नखं रुतली होती.

मोडक मॅडमनी सांगितलेलं सगळं मला आज शब्दशः आठवत नाही, पण सार लक्षात आहे. बाळ जन्मतं तेव्हा त्याला बघता येत नसतं, बघायला ते शिकतं. डोळा चित्र पाठवतो आणि मेंदू ते वाचायला शिकतो. एका डोळ्यावर पडदा आला, किंवा गाठीच्या भाराने बुबुळाचा आकार वाकडा झाला, तर त्या डोळ्याचं चित्र धूसर येतं आणि मेंदू ते वाचायचं सोडून देतो. मग पुढे गाठ गेली तरी डोळा आळशी राहतो.

ताईने विचारलं, "गाठ आपोआप जाणार असेल तर औषध कशाला, मॅडम?"

"गाठ जायला पाच वर्षं लागतील," मोडक मॅडम म्हणाल्या. "तिच्या डोळ्याला तेवढा वेळ नाही. त्याला आत्ता, या महिन्यांत शिकायचंय."

औषध होतं ते मोठ्या माणसांचं, रक्तदाबाचं आणि हृदयाच्या ठोक्यांचं. या गाठींवर ते चालतं हे चारपाच वर्षांपूर्वीच लक्षात आलं होतं, तेही योगायोगाने. त्याआधी स्टिरॉइड द्यायचे, कधी गाठीत सुई टोचायचे. मोडक मॅडमनी कुठलीच बाजू लपवली नाही. ठोके मंदावू शकतात, साखर उतरू शकते, छाती भरू शकते, म्हणून पहिले दोनतीन दिवस भरती करून, हृदयाची तपासणी करून सुरू करायचं, म्हणाल्या. विचार करा, पण फार दिवस घेऊ नका.

घरी आल्यावर सगुणाबाईंनी पोरीला मांडीवर घेतलं ते सोडेनात. त्यांचं म्हणणं, एवढ्याशा जिवाच्या पोटात काळजाचं औषध घालायचं म्हणजे काय. डाग तर डाग, पोर जिवंत आहे, दूध पितेय. "माजा ऐक दौलत," त्या म्हणाल्या, "येक डोला कमी दिसला तर दिसला. पन जित्ती पोर रव्हंदे." त्यांचा एक मुलगा, भावोजींच्या पाठचा, गावी तापात चुकीचं इंजेक्शन बसून गेला होता. हे मला त्या दिवशी कळलं. त्यामुळे त्यांना कुणी उलट बोललं नाही.

भावोजी दोन दिवस नेहमीसारखे कंपनीत गेले, आले. तिसऱ्या दिवशी पाळी संपल्यावर ते परस्पर इस्पितळात गेले आणि मोडक मॅडमना एकच प्रश्न विचारून आले. प्रश्न असा होता, की तुमची नात असती तर काय केलं असतं. मॅडम म्हणाल्या होत्या, कालच भरती केलं असतं. भावोजींनी घरी येऊन हे आईला सांगितलं, तिच्या पायाशी बसून. सगुणाबाईंनी नातीची दुपटी, टोपडी पिशवीत भरायला घेतली.

भरती तीन दिवसांची होती. ताई आणि मी आत. सगुणाबाई घरून डबा करून पाठवायच्या. दर थोड्या वेळाने नर्स यायची, ठोके मोजायची, टाचेला बारीक सुई टोचून साखर बघायची. पोरीच्या टाचेवर निळे ठिपके पडले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी भावोजी कंपनीतून थेट आले. हात साबणाने धुतले, रुमालाने पुसले, पुन्हा धुतले. मग करंगळीच्या टोकाने त्यांनी गाठीला हलकासा स्पर्श केला. दोन दिवसांपूर्वी ती घट्ट होती, कच्च्या फळासारखी.

"मऊ झालीय," ते म्हणाले.

ताईला वाटलं ते धीर द्यायला म्हणतायत. पण तिसऱ्या दिवशी आम्हालाही दिसलं. रंग उतरला होता, जांभळ्यातून राखाडीकडे. मोडक मॅडमनी वहीत स्वतःच्या हाताने तारीख घातली आणि भावोजींना म्हणाल्या, पुढचं चित्र काढा.

त्या वेळी या औषधाचं लहान मुलांचं सिरप आम्हाला कुठे मिळालं नाही. गोळी कुटून, मोजक्या पाण्यात विरघळवून, सुई नसलेल्या सिरिंजने तोंडात सोडायची. किती पाणी, किती औषध, हे पोरीच्या वजनावरून डॉक्टर काढून द्यायच्या आणि वजन वाढेल तसं बदलायच्या. हे काम भावोजींचं. सकाळी कंपनीत जायच्या आधी, आल्यावर आणि झोपायच्या आधी. मोरीजवळच्या फळीवर त्यांनी एक स्टीलचं ताट, खलबत्ता आणि सिरिंज स्वच्छ पंच्याखाली झाकून ठेवलेली असायची. त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढताना त्यांचा श्वास थांबलेला असायचा.

दोन महिने सगळं नीट चाललं. पापणी वर यायला लागली. चाळीतल्या बायका आता वेगळ्या कारणाने बघायला येऊ लागल्या.

जानेवारीत पोरीला सर्दी झाली. नाक चोंदलं, दूध पिताना धाप लागायची. त्या सकाळी ताईने तिला पाजायला घेतलं, तिने दोनचार घोट घेतले आणि तोंड फिरवलं. तेवढ्यात पाणी आलं म्हणून ताई उठली. भावोजी सिरिंज घेऊन आले, पाजून झालंय असं समजून त्यांनी औषध दिलं आणि बस पकडायला गेले. इस्पितळाच्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं होतं, बाळ नीट दूध प्यायलं नसेल तर डोस देऊ नये. ते त्यांना पाठ होतं.

मला कॉलेजला उशिरा जायचं होतं म्हणून मी घरी होते. दहाच्या सुमारास ताईने हाक मारली. पोरीला घाम सुटला होता, कपाळ गार, हातपाय सैल. हाक मारली तर डोळे उघडत होती आणि पुन्हा मिटत होती. आम्ही रिक्षात घातलं आणि जवळच्या दवाखान्यात नेलं. रस्ताभर ताई तिच्या ओठांना बोटाने साखरेचं पाणी लावत होती. तिथे साखर तपासली, उतरली होती. सलाईनमधून साखर दिली आणि वीसेक मिनिटांत पोर रडायला लागली. तिचं रडणं ऐकून ताईने तिला पाजायला घेतलं.

भावोजी दुपारी आले तोवर आम्ही घरी परतलो होतो. ताईने त्यांना सांगितलं, दोष दिला नाही. सगुणाबाई नातीला घेऊन आतल्या खोलीत गेल्या. भावोजी दारातच उभे राहिले. बूट काढायचे राहिले होते. मग त्यांनी मला विचारलं की उद्यापासून औषध तू देशील का. मी हो म्हटलं. त्यांनी मला एकदा करून दाखवलं, आणि नंतर आठ दिवस त्या फळीकडे फिरकलेच नाहीत. त्या आठवड्यात कंपनीतही त्यांनी सुट्टी घेतली नाही, पण एक दिवस ताईला म्हणाले, माप चुकतंय, साहेबाला सांगून पॅकिंगला बसलो.

पुढच्या तपासणीला ते आले. मोडक मॅडमनी काही विचारायच्या आधीच त्यांनी झालेलं सगळं सांगितलं. पोर किती घोट प्यायली, औषध किती वाजता दिलं, घाम किती वाजता सुटला. चूक माझी, म्हणाले. मॅडमनी पोरीचे ठोके मोजले, डोळा बघितला. मग त्या भावोजींकडे वळल्या.

"असं झालं की बरेच पालक औषध बंद करतात आणि आम्हाला सांगतही नाहीत. तुम्ही मिनिटासकट सांगताय. उद्यापासून डोस तुम्हीच द्या."

भावोजी म्हणाले, "माझ्यावर विश्वास ठेवाल?"

"माझा प्रश्नच नाही. तिच्या आईला विचारा."

ताई पोरीला टोपडं बांधत होती. मान वर न करता ती म्हणाली, "तुम्हीच द्या. मला सिरिंजमधला बुडबुडा काढता येत नाही."

दुसऱ्या सकाळी ते पुन्हा फळीपाशी उभे राहिले. पण तेव्हापासून एक सवय लागली. औषध देण्याआधी ते ताईला विचारायचे, पोटभर प्यायली? आणि ती तोंडाने हो म्हणेपर्यंत थांबायचे. मानेने हो म्हटलेलं चालायचं नाही.

औषध पुढे वर्षभर चाललं आणि हळूहळू कमी करत थांबलं. गाठ सपाट झाली, पापणी उघडली. आम्हाला वाटलं, सुटलो. पण मोडक मॅडम म्हणाल्या, दार उघडलं, आता आत कुणाला तरी बोलवायचंय. डाव्या डोळ्याला नंबर होता, बुबुळ थोडं वाकडं राहिलं होतं. चष्मा लागला, मागे इलास्टिकचा पट्टा असलेला. आणि रोज काही तास उजव्या, चांगल्या डोळ्यावर पट्टी चिकटवायची, म्हणजे डाव्याला काम करावंच लागेल.

औषधाचे दिवस अवघड होते असं आम्हाला वाटायचं. ते सोपे होते. दीड वर्षाची पोर, तिला जे दिसतंय ते झाकायचं. ती पट्टी ओरबाडून काढायची, कातडी लाल व्हायची. भावोजींनी पुठ्ठ्याच्या आणि कापसाच्या नळ्या करून आणल्या, कोपराला बांधायला, म्हणजे हात डोळ्यापर्यंत जाणार नाही. इस्पितळात एकीने वापरलेल्या बघितल्या होत्या. ताईने त्या बघितल्या आणि उचलून कचऱ्यात टाकल्या. त्या दिवशी मी त्या दोघांचं एकमेव मोठं भांडण ऐकलं. मोठं म्हणजे काय, ताई बोलत होती आणि भावोजी ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तोडगा काढला. ताईला म्हणाले, लावायची मी, काढायची तू. तू कधीच लावायची नाहीस. घरात एका माणसाचा तरी तिला राग यायला नको.

तसंच ठरलं आणि तसंच चाललं, जवळजवळ सहा वर्षं. चार वाजता भावोजी पाळीवरून यायचे, हातपाय धुवायचे आणि पट्टी घ्यायचे. सात वाजता ताई ती ओल्या कापसाने सोडवायची आणि पोर तिच्या गळ्यात पडायची. दक्षताचं पहिलं धड वाक्य होतं, "पप्पा नको." जिन्यात त्यांच्या चपलांचा आवाज आला की ती शिलाई मशीनखाली जाऊन बसायची. चाळीतली बाकीची मुलं बाप आला की दाराकडे धावायची. भावोजी मशीनखाली वाकायचे, तिला उचलायचे, आणि ती ओरडत असताना न ओरडता आपलं काम करायचे. मी तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळायचे.

पट्टी लागली की मग ते तिला सोडून जायचे नाहीत. कंपनीतून त्यांनी टाकाऊ वॉशर आणले होते, पितळी, वेगवेगळ्या मापाचे, कडा घासून गुळगुळीत केलेले. ते दोऱ्यात ओवायचे. आधी मोठे, मग लहान. ती रागाने फेकून द्यायची, ते गोळा करून आणायचे. दहाव्या मिनिटाला ती ओवायला लागायची. कधी ते तिला खाडीच्या काठावर घेऊन जायचे. पलीकडे ठाण्याच्या इमारती, मधून कोळ्यांच्या एकदोन होड्या. ते विचारायचे, होडीत किती माणसं? ती डावा डोळा बारीक करून सांगायची, दोन. कधी बरोबर असायचं, कधी नसायचं.

रस्त्यात माणसं थांबून बघायची. एकदा एका बाईने हळहळत विचारलं की पोरीचा डोळा गेला का हो. मी सोबत होते. भावोजी म्हणाले, "नाही. चांगला डोळा झाकलाय." बाईला काही कळलं नाही आणि त्यांनी समजावलंही नाही.

एका रविवारी मी आतून बाहेर आले तर बापलेक दोघंही पट्ट्या लावून बसले होते. भावोजींनी स्वतःच्या उजव्या डोळ्यावर तिचीच एक पट्टी चिकटवली होती आणि चहा कपातून बशीत ओतायचा प्रयत्न करत होते. चहा दिवाणावर सांडला. दक्षता हसली. त्यांच्याकडे बघून ती हसली, असं मी त्या वर्षात पहिल्यांदाच पाहिलं. ती हसतेय म्हणून त्यांनी आणखी थोडा सांडला. ताई आतून ओरडली, चादर कोण धुणार म्हणून.

२०१६ मध्ये कंपनी बंद झाली. जागेवर आता काचेची इमारत आहे, आत कॉम्प्युटरवर काम करणारी मुलं असतात. मालकाने जुन्या कारागिरांना चाकणच्या नव्या कारखान्यात बोलावलं होतं, सुपरवायझरची जागा होती. बरोबरचे चारजण गेले, तिकडे त्यांचं चांगलं झालं. भावोजी गेले नाहीत. मोडक मॅडम इथे आहेत आणि पट्टीची अजून दोनतीन वर्षं आहेत, एवढंच ते म्हणाले. डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका लहान वर्कशॉपमध्ये लागले. कळव्याच्या घराचं भाडं झेपेना म्हणून बिऱ्हाड दिव्याला गेलं. माझं लग्न त्याच वर्षी झालं आणि खारीगावच्या त्या दोन खोल्या आमच्या सगळ्यांच्याच सुटल्या. सामान काढताना शिलाई मशीनच्या मागच्या भिंतीवर दक्षताच्या बोटांचे मळके ठसे दिसले, जमिनीपासून वीतभर उंचीवर, ती लपून बसायची तिथे. ताईने ते पुसायला फडकं ओलं केलं होतं. पुसलं नाही. आता तिथे पुनर्विकास झालाय, चाळच नाही.

सगुणाबाई २०१९ मध्ये गेल्या. शेवटची दोन वर्षं त्या गावी होत्या; तिथे कुणाचंही पोर आजारी पडलं की त्या दौलतला फोन लावायला सांगायच्या, जसा काही तोच डॉक्टर.

आठव्या वर्षी मोडक मॅडमनी पट्टी थांबवली. दक्षता तक्त्यावरच्या खालून दुसऱ्या ओळीपर्यंत डाव्या डोळ्याने वाचू शकत होती. शेवटची ओळ तिला आली नाही आणि येणार नाही, हेही मॅडमनी सांगितलं. खोलीचा अंदाज थोडा कमी राहील. आजही तिला झेल घेता येत नाही आणि सुईत दोरा ओवताना ती दोनदा चुकते. पापणीवर थोडी सैल कातडी आहे, फिकट डाग आहे. शस्त्रक्रियेने ते घालवता येईल, पण ती म्हणते, बघू, घाई काय आहे. त्या शेवटच्या तपासणीहून बाहेर आल्यावर भावोजींनी तलावपाळीला सगळ्यांना भेळ खाऊ घातली. स्वतः खाल्ली नाही. तलावाच्या कठड्याला पाठ लावून ते उभे होते आणि आतल्या होड्यांकडे बघत होते.

दक्षता आता तेरा वर्षांची आहे, आठवीत. या मे महिन्यात ती सुट्टीला माझ्याकडे डोंबिवलीला आली होती. भावोजी तिला न्यायला आले. पंचेचाळिशी ओलांडली, केस पांढरे झालेत, बोलणं तेवढंच कमी. चहा होईपर्यंत आमचं जुनं निघालं, कळव्याचं, चाळीचं. मी सांगून गेले, की तू कशी मशीनखाली जाऊन बसायचीस आणि पप्पा नको म्हणून किंचाळायचीस. सांगितल्यावर वाटलं, उगाच बोलले.

दक्षता आश्चर्याने बघायला लागली. तिला यातलं काही आठवत नव्हतं. पट्टी होती एवढं तिला सांगून माहीत होतं; पण कोण लावायचं, ती कुठे लपायची, खाडी, होड्या, काहीच नाही.

"मी खरंच असं म्हणायचे?" तिने विचारलं. "पप्पा, तुम्हाला राग नाही यायचा?"

खोटं बोलायची भावोजींना सवय नाही.

"राग नाही," ते म्हणाले. "पण चार वाजू नयेत असं वाटायचं."

ती उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसली. मिठी वगैरे मारली नाही, त्या वयाच्या मुली मारत नाहीत. त्यांच्या खांद्याला खांदा लावून मोबाइलवर काहीतरी दाखवायला लागली, मैत्रिणीच्या वाढदिवसाचे फोटो. त्यांनी मान लांब करून पाहिलं, मग मोबाइल थोडा दूर धरायला सांगितला. कुणाचं नाव काय, ती कुठे राहते, ते विचारत होते. मी चहा गाळत होते. दूध जरा जास्त पडलं होतं, पण तो तसाच दिला, आणि दोघांनी बोलता बोलता पिऊन टाकला.